मॉकटेलच म्हणणार!

बेंबळीच्या आक्का, गुडघा कसाय? वाशीच्या शोभाताई, खोकला थांबला का? सुनंदा, नातीचा ताप उतरला का? मी ठणठणीत आहे, पण आज जरा मीच तापले.

दुपारी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्ह्याऐवजी मोबाईलवर बघून मॉकटेल केलं. पुदिना चुरगाळला, लिंबू पिळलं, साखर, काळं मीठ, वरून सोडा. काचेच्या ग्लासाला कडेला लिंबाची चकती! बायका लई खुश.

तेवढ्यात धाकटे भावजी दारातूनच ओरडले, "वहिनी, देवीपुढं कॉकटेल? मालन, ठेव तो ग्लास, घरी चल!"

मालन म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ. तिनं ग्लास खाली ठेवला. बाकीच्याही चुळबुळायला लागल्या. शेजारीण कुजबुजली, "काकू, लिंबू शरबत म्हणा की, मिटलं."

"न्हाय म्हणणार. मॉकटेल आहे, मॉकटेलच म्हणणार. भावजी, आधी वास घ्या, मग बोला."

त्यांनी वास घेतला. "पुदिना हाय व्हय?" आवाज एकदम खाली.

मालननं ग्लास परत उचलला, त्यांच्यादेखत रिकामा केला आणि म्हणाली, "ताई, अजून एक मॉकटेल द्या."

पुढच्या शुक्रवारच्या हळदीकुंकवालाही ग्लास तेच, नावही तेच. कुणाच्या ओरडण्यानं हातातला ग्लास तुम्ही कधी खाली ठेवलाय का गं? लवकर लिहा, वाट बघते.