गुरवाने सांगितलेली शोकांतिका

आमच्या वाचनालयातून सगळ्यात जास्त पुस्तकं नेणारा माणूस म्हणजे देवळातला सत्यवान गुरव. वेंगुर्ल्याजवळचं आमचं गाव. इथे लोक येतात ते पेपर चाळायला आणि पंख्याखाली बसायला. हा मात्र पुस्तक परत देताना माझ्याशी भांडायचा. मी चोवीस वर्षं ग्रंथपाल आहे, एकटी राहते, तोंडाने फटकळ. ते भांडण मला हवंसं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्याची बायको वारलेली, मुलगी तेजस्वी पुण्याच्या इस्पितळात नर्स. नऊ वर्षांत ती गावात फिरकली नव्हती. कारण सगळ्यांना ठाऊक. नोकरीचं पत्र आलं तेव्हा तिने बापाला देवाचा कौल घ्यायला लावलं. पाषाणावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि देवाला विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाप गाभाऱ्यात, ती बाहेर. "डावो पडलो गो," सत्यवान म्हणाला. ती रडली, भांडली आणि तरीही गेली. पुढे लग्न झालं, पण दोनदा दिवस राहून मूल गेलं. देवाचा शब्द मोडला त्याचं हे फळ, असं तिने मनात धरलं. कुठल्या तोंडाने देवापुढे उभी राहू, म्हणायची. बापाला चतुर्थीला एक फोन, तोही दोन मिनिटांचा.

गेल्या दिवाळीनंतर वाचकांच्या बैठकीला मी विषय ठेवला, ग्रीक शोकांतिका आणि आजची कादंबरी. हौस माझी! बोलायला कोणी तयार होईना. शेवटी सत्यवानच म्हणाला, "मी बोलतंय, बाई." मी त्याला एका ग्रीक नाटकाचं भाषांतर दिलं आणि एक नवी कादंबरी. आता हा काय दिवे लावतोय, म्हटलं, बघू.

रविवारी दुपारी अकरा डोकी जमली. सत्यवान आधी अगदी पुस्तकी मराठीत बोलला.

"ग्रीकांचं नाटक आपल्याला परकं नाही. त्यांचा कोरस म्हणजे आपल्या देवापुढच्या गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणारी मंडळी. ती हळहळतात, पण मध्ये पडत नाहीत. त्यांची देववाणी म्हणजे आपला कौल. या नाटकातला राजा ती चुकवायला पळतो आणि तिच्याच तोंडात जाऊन पडतो. त्याला ठाऊक नसतं. कळल्यावर मात्र तो सगळ्यांसमोर कबूल करतो."

"आणि कादंबरीत?" निवृत्त पोस्टमन नानाने विचारलं.

"कादंबरीत देव नाही. बाप मुलीला आलेलं पत्र लपवतो. त्याला सगळं ठाऊक असतं. नाटकातल्यासारखी गावात रोगराई येत नाही, वीज पडत नाही. तो दोन वेळ जेवतो, झोपतो. फक्त घरात बोलायला कोणी उरत नाही."

"मग जास्त मोठा अपराध कोणाचा?" नाना म्हणाला.

सत्यवान आता मालवणीत आला. "कादंबरीतल्या बापाचा. तेका सांगूक येय होता, तरी सांगल्यान नाय." त्याने टेबलाची कड धरली. "नाना, माझ्या तेजस्वीचो कौल उजवो पडललो. मी डावो सांगलंय. माका एकटा ऱ्हवाचा नाय होता."

माझं डोकं फिरलं. "मेल्या, नऊ वर्षं?" मी सगळ्यांदेखत ओरडले. "ती पोरगी तिकडे स्वतःला खातेय आणि तू इथे पुस्तकं वाचतोस? आत्ता लाव तिला फोन!"

त्याने तिथेच लावला आणि सांगितलं. तिचा आवाज मला ऐकू येत होता. तिने एवढंच विचारलं, "म्हंजे देव माझ्यार रागावलो नाय?"

"नाय गो बाय. तेना तुका जा म्हणानच सांगल्यान."

फोन बंद झाला.

गावाने देवळाची पूजा त्याच्याकडून काढून चुलतभावाला दिली. योग्यच केलं, पण मला वाईट वाटलं. वाचनालयातही तो येईनासा झाला.

माघात निरोप आला, तेजस्वी नवऱ्याबरोबर आंबोलीमार्गे गाडीने येतेय, देवाचं दर्शन घ्यायला. सत्यवानने पहाटेपासून वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं. मी मदतीला गेले, कारण तो सारखा आत-बाहेर करत होता. त्याच्या घराच्या मागच्या खिडकीतून देऊळ आतपर्यंत दिसतं. गाडी आधी तिथेच थांबली. तेजस्वीने देवापुढे डोकं टेकलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही. बाहेर आली तेव्हा हसत होती. मला भरून आलं.

मग गाडी घराच्या दारात थांबली. सत्यवान चप्पल न घालताच अंगणात धावला. उतरला तो फक्त जावई, हातात प्रसादाचं पान घेऊन. "ती उतरत नाही म्हणते," तो खाली मान घालून म्हणाला.

सत्यवानने प्रसाद दोन्ही हातांनी घेतला. "जेवाण तरी बांधून देवू?"

जावई गाडीपाशी जाऊन विचारून आला. "नको म्हणते."