गाणाऱ्या बायांची नावे आणि बोरसे सर

बोरसे सरांना मी प्रथम पाहिले ते सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, आणि ते तेव्हा चिडलेले होते. फळ्यावर पीएचपी या संगणकभाषेतली एक ओळ होती, दोन खुणांमधला मजकूर शोधणारी. "कुठं थांबायचं ते सांगितलं नाही, तर हा पॅटर्न पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत सगळं गिळतो," असे म्हणत त्यांनी त्यात एक प्रश्नचिन्ह घातले; आता तो सर्वांत जवळच्या खुणेशीच थांबणार होता.

हीच विद्या सरांनी सुरतेतल्या आपल्या खानदेशी मंडळाच्या वेबसाइटसाठी वापरली. खानदेशातून सुरतेला आलेल्या बायांची लग्नातली अहिराणी गाणी त्यांनी घरोघर जाऊन उतरवून घेतली. प्रत्येक गाण्याखाली कंसातली 'गायिका' ही खूण त्यांनीच ठरवलेली, आणि तिच्या आत बाईचे नाव. नावावर क्लिक केले की त्या बाईची सगळी गाणी समोर येत.

नवागामच्या वस्तीत गाणी उतरवायला मी त्यांच्यासोबत जात असे. तिथे बाई स्वतःचे नाव सांगतच नाही. "पप्पूनी माय लिखा," विमलबाई म्हणाल्या. सर लॅपटॉप मिटून म्हणाले, "पप्पूनं गाणं म्हटलं का?" चहा संपेपर्यंत नाव मिळाले. माझे लग्न ठरले तेव्हा सासरी जाऊन, ही मुलगी गाण्यांचे काम सोडणार नाही, हेही सरांनीच सांगितले.

अशा माणसाशी आपण कसे वागलो? मंडळाने साइट नव्याने करवून घेतली, सरांना विचारलेदेखील नाही. नव्या माणसाने कंस काढायला एक पॅटर्न चालवला, त्यात थांबायची सोयच नव्हती. प्रत्येक पानावर पहिल्या बाईच्या नावापासून शेवटच्या बाईच्या नावापर्यंत सगळे साफ. जुना सर्व्हर आधीच बंद केलेला. गाणी छापील पुस्तिकेत होती, ती परत चढवली. नावे फक्त साइटवर होती. सरांकडच्या जुन्या प्रतीत निम्मीच निघाली. सर बोलायला गेले तर मंडळाचे कार्यवाह म्हणाले, "गाणी तर आहेत ना सर? नावांचं काय एवढं, जवा दो ने, जाऊ द्या." हे बोलायला जीभ कशी रेटली? मला संताप येतो. सरांच्या साठीच्या सत्काराला लागणाऱ्या शालीची ऑर्डर मात्र वेळेत गेली. या गौरव अंकाच्या संपादकांना हा परिच्छेद खटकला तर त्यांनी अख्खा लेख परत करावा, कापू नये.

परवा विमलबाईंनी नातीच्या मोबाइलवर पान पाहिले, आपले नाव कुठे दिसेना, तेव्हा सरांना विचारले, "मास्तर, गानं शे, मन्हं नाव कथा गयं?" सरांनी मान खाली घातली. ज्यांची चूक, त्यांच्यापैकी एकानेही अजून घातलेली नाही.

सर साठ वर्षांचे झाले. गुडघे दुखतात, तरी रविवारी पुन्हा नवागाम, बमरोलीचे जिने चढतात. ज्या गायिका आता हयात नाहीत, त्यांच्या सुनांना विचारतात, "सासूबाईंचं नाव काय होतं?" कित्येक सुना म्हणतात, "आम्ही त्यांना आईच म्हणायचो." सर मग शेजारचे दार वाजवतात. त्यांना मी उदंड आयुष्य आणि धड गुडघे मागते. अजून पुष्कळ घरे राहिली आहेत.