रंगाचा दुसरा हात

आमचे थोरले भाऊजी, म्हणजे यांचे मोठे भाऊ, घरं रंगवतात. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. सकाळी डबा घेऊन जातात आणि संध्याकाळी येतात ते पापण्यांवरसुद्धा रंगाचे ठिपके घेऊन. हातपाय धुतले की बैठकीच्या खोलीत खुर्ची ओढायची, दोन काळ्या स्पीकरांसमोर डोळे मिटून बसायचं आणि जुनी गाणी ऐकायची. तेवढा अर्धा तास देवाने त्यांच्यासाठीच राखलाय असं मी समजते. तेव्हा मीठ संपल्याचंही त्यांना सांगत नाही.

परवा सूनबाईने खोली नव्याने सजवली. भिंती वाळूच्या रंगाच्या, पडदे तसेच, गालिचा तसाच. मधे ते दोन काळे ठोकळे.

"मोठेबाबा, रागावू नका, पण कावळे बसल्यासारखे दिसतात हो. माळ्यावर टाकू या?"

"मग मीही माळ्यावरच बसू का गं?" भाऊजी म्हणाले. "त्यांना भिंतीचा रंग देतो. उठून दिसले नाहीत तर राहू देशील?"

"नाही दिसले तर राहू देत."

आज सुट्टी. खरं तर झोपायचा दिवस. पण सकाळीच ते पाठीला हात लावत खाली बसले. खोकी घासली, रंगाआधीचं अस्तर लावलं, रंग दिला. त्याच ओघात, आवाज बाहेर येतो त्या पुढच्या जाळीदार कापडावरूनही ब्रश फिरला. एक हात वाळला की दुसरा द्यायचाच, ही त्यांची जन्माची सवय. कापडाची छिद्रं बुजली, तसं त्यांना काम चोख झाल्यासारखं वाटलं.

सूनबाई खूश. "मोठेबाबा, कावळे उडाले!"

भाऊजींनी गाणं लावलं. आवाज आला तो गोधडीखालून आल्यासारखा. हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, "दादा, गायकाच्या तोंडावरही दोन हात मारलेस की काय?"

भाऊजी हसले नाहीत. "भिंतच केली रे मी त्याची," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले. "टाका माळ्यावर. आता अंगात त्राण नाही."

मला बघवेना. प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर घेते ती माझी जुनी ओढणी आणली. धुऊन धुऊन जाळीसारखी विरलेली, पांढरी.

"अगं, ही तर देवापुढची!" भाऊजी म्हणाले.

"देवापुढे मी पदर घेईन. तुम्ही उठा."

या वेळी त्यांनी ब्रश उचललाच नाही. बादलीत चमचाभर रंग पाण्यात कालवला, त्यात ओढणी बुडवून पिळली आणि उन्हात टाकली. वाळली तरी आरपार दिसत होतं. रंगाने कडक झालेलं जुनं कापड चौकटींवरून खरवडून काढलं. ओढणी मी ताणून धरली, त्यांनी बारीक खिळे ठोकले. सूनबाई दारातून बघत होती. जवळ आली, कापडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "राहू देत इथेच. आणि मोठेबाबा, तुमची खुर्चीही."

संध्याकाळी गाणं लागलं. आवाज मोकळा, अगदी पूर्वीसारखा. भाऊजींनी डोळे मिटले आणि पहिलं कडवं संपायच्या आत घोरू लागले. बोटांवर वाळूचा रंग तसाच.

"बंद करू?" यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. पदर डोक्यावर घेतला आणि शेजारच्या खोलीत देवापुढे बसले. गाणं चालूच होतं.