रेडिएटरकडचे सहा ठिपके

ती केस आठवली की मला आजही आधी हायसं वाटतं आणि मग थोडी लाज वाटते. हायसं अशासाठी की एक निरपराध माणूस वाचला. लाज अशासाठी की त्याला बुडवायला निघालेला माणूस मीच होतो.

आठवण निघायला कारण झालं जावयाच्या मोटारीचं. तिचं इंजिन बदललं, दुसरं बसवलं, पण गाडी काही चालू होईना. वर्कशॉपमधल्या मेकॅनिकनं एक वायर जोडली, छोट्या पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, "काका, इंजिन ठणठणीत आहे. पण गाडीतला कॉम्प्युटर त्याला अजून ओळखत नाही. आधी दोघांची ओळख करून द्यावी लागेल." जावई वैतागला, मी मात्र हसत सुटलो. आमच्या वेळी एका इंजिनची ओळख पटवायला मला खाकी वर्दीनिशी ट्रकखाली पाठीवर झोपावं लागलं होतं.

साठीच्या दशकातली गोष्ट. मी अकोल्याच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरीवर सही करत होतो, तेवढ्यात भातकुलीकडचा एक भाजीवाला आत आला. स्वतःच्या मळ्यातली कोबी-वांगी स्वतःच्याच ट्रकमधून अमरावती, मूर्तिजापूर, अकोला अशी फिरवणारा धट्टाकट्टा गडी. ट्रक त्यानं फाटकाशी उभा केला होता.

"सायेब, माह्या गाडीचं इंजिन चोरीले गेलं."

माझ्या हवालदारानं खिडकीतून ट्रककडे पाहिलं. "मंग गाडी इथवर ढकलत आणली काय?"

"तसं नाई. इंजिन हाये, पण थे माहं नाई."

झालं होतं असं. त्यानं अकोल्याच्या एका गॅरेजात ट्रकचं इंजिन बांधायला दिलं होतं, म्हणजे पूर्ण खोलून, दुरुस्त करून परत जोडायला. गाडी घरी नेली तर ती धूर ओकू लागली. चिखलदऱ्याला माल घेऊन निघाला तर घाटात तीनदा पाणी उकळलं, कोबी उन्हात वाळली. गॅरेजवाला म्हणाला, इंजिन तुमचंच आहे, पुस्तकातला नंबर ताडून पाहा.

मी ताडून पाहिला. इंजिनवर पितळी पट्टी रिबिटांनी ठोकलेली होती आणि तिच्यावरचा नंबर गाडीच्या पुस्तकाशी आकड्याला आकडा जुळत होता. कागदाप्रमाणे तक्रारीला जागाच नव्हती. पण भाजीवाला हटेना.

"तीन वर्सं त्याच्यावर बसून राहिलो, सायेब. आपल्या बैलाची चाल मानूस वळखत नाई काय?"

मी पुन्हा वाकून पाहिलं. पट्टी जुनाट, तेलानं काळवंडलेली; रिबिटं मात्र कोरी, चकचकीत. कोणीतरी खऱ्या इंजिनची पट्टी काढून या इंजिनवर ठोकली होती. इथं माझं डोकं बरोबर चाललं. तिथून पुढं मात्र ते भलत्याच वाटेला लागलं.

गॅरेजच्या मालकानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. कपडे पांढरेशुभ्र, बोलणं लाघवी. "त्या गाडीवर माझ्याकडच्या एकाच मिस्त्रीनं काम केलं, साहेब. दोन-तीन आठवड्यांमागच्या शनिवारी काम संपवलं आणि त्याच संध्याकाळी नोकरी सोडून गेला. आता सरकारी वर्कशॉपात लागतोय म्हणे. आजकाल त्या लोकांचेच दिवस आहेत. त्यालाच विचारा काय ते." दुसऱ्या दिवशी गॅरेजसमोरच्या पानवाल्यानं खबर आणली. याआधी त्याच्या दोन खबरा खऱ्या निघाल्या होत्या. तो म्हणाला, "त्या मिस्त्रीले मी हातगाडीवर इंजिन नेताना पायलं."

मिस्त्रीचं नाव ऐकलं आणि मी टेबलाचा खण उघडला. त्याच नावाचा कागद माझ्याकडे आलेला होता: नेमणुकीपूर्वीची चारित्र्य पडताळणी. शुक्रवारी अहवाल पाठवायचा होता. छप्पन साली बौद्ध झालेलं घर, वडील कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात यंत्रांना तेल घालणारे. त्या घरात सरकारी नोकरीपर्यंत पोचलेला हा पहिलाच. मी नुसतं 'गुन्ह्याची चौकशी चालू आहे' एवढं लिहिलं असतं तरी ती जागा दुसऱ्या कोणाला गेली असती.

त्याला बोलावून आणलं आणि आमच्या रिवाजाप्रमाणे बाकावर बसवून ठेवलं. दोन तास काहीच विचारायचं नाही, अशी ती पद्धत होती. माणूस तेवढ्यात आपोआप पिकतो. कोणी बिडी मागतो, कोणी पाणी मागतो, कोणी रडतो. हा तिशीतला गडी ताठ बसून राहिला. ना बिडी, ना पाणी. एकदाच तोंड उघडलं, तेही हवालदाराशी. "तुमच्या जीपचा पट्टा बदलून घ्या, सुटाले आला." मी मनात म्हटलं, चांगलाच मुरलेला दिसतोय.

मग समोर उभा केला आणि पानवाल्याची खबर तोंडावर फेकली.

"हातगाडीवर?" तो म्हणाला. "सायेब, थे इंजिन उचलाले साखळी-कप्पी लागते अन् चार मानसं लागते. हातगाडी जाग्यावर बसून जाईन."

गोष्ट खरी होती. ती मला सुचायला हवी होती. मी आवाज चढवला. "मग पट्टी कोणी बदलली?"

"मले काय ठाऊक? त्या शनवारी मी गाडी चालू करून देल्ली. आवाज आयकला, हात धुतले, घरी गेलो. मंगळवारी गाडी मालकाले भेटली. मधात काय झालं थे गॅरेजवाल्याले इचारा."

"तुझ्या बोलण्याला पुरावा काय?"

त्यानं फाटकाकडच्या ट्रककडे बोट केलं. मग म्हणाला, "इंजिनचं चेंबर खोला, सायेब. मी बांधलेलं इंजिन मी वळखतो. तुमीबी वळखसान."

चेंबर म्हणजे इंजिनच्या पोटाखालचं तेलाचं भांडं. ते काढलं की आतल्या सहा बेअरिंगच्या टोप्या दिसतात. जी टोपी जिथून काढली तिथंच परत बसली पाहिजे, म्हणून मिस्त्री लोक छिन्नीनं खूण करतात: पहिलीवर एक ठिपका, दुसरीवर दोन, असं करत सहावीवर सहा. सगळे मिस्त्री मोजायला सुरुवात करतात समोरून, रेडिएटरकडून. हा मात्र लहानपणापासून जिनात बापाच्या हाताखाली वाढलेला. तिथं सगळी यंत्रं मोठ्या चाकापासून मोजली जायची. म्हणून हा इंजिनही मागून, फ्लायव्हीलच्या चाकाकडून मोजायचा. त्याच्या इंजिनात रेडिएटरकडच्या टोपीवर एकाऐवजी सहा ठिपके यायचे. गॅरेजातले सोबती त्याला 'उलटा मिस्त्री' म्हणून चिडवत.

"सोबत्याईनं लय हासून घेतलं मले," तो म्हणाला. "पण हात वळला तो वळला."

त्याला मी घरी जाऊ दिलं, पण माझा विश्वास बसला होता असं नाही. एकजण पांढऱ्या कपड्यात खुर्ची देणारा, चहा पाजणारा. दुसऱ्याच्या नखांत काळं तेल आणि पाठीशी जिनातला मजूर बाप. गॅरेजवाल्याचं 'त्या लोकांचे दिवस' मी ऐकून घेतलं होतं आणि त्याला हटकलं नव्हतं. कोणाच्या शब्दाला मी वजन दिलं आणि का, याचा विचार मी फार नंतर केला. तो तेव्हाच करायला हवा होता.

बुधवारी सकाळी ठाण्याच्या आवारात दोन पंच बोलावले; भाजीवाला आणि तो उलटा मिस्त्रीही हजर होते. दुसऱ्याच गॅरेजचा एक म्हातारा मिस्त्री आणून चेंबर उतरवलं. नंतर कोणी शंका काढू नये म्हणून मी स्वतः पोत्यावर आडवा होऊन ट्रकखाली शिरलो. काळं तेल सदऱ्यावर टपकत होतं. बॅटरीच्या उजेडात रेडिएटरकडची टोपी पाहिली. एक ठिपका. पुढची, दोन. शेवटची, सहा.

"सुलट आहेत," मी खालून ओरडलो.

"मंग थे माहं नाई!" उलटा मिस्त्री वरून ओरडला. त्याचा आवाज फाटला होता.

भाजीवाल्यानं मांडीवर थाप मारली. "म्या काय सांगत होतो? सायेब, त्या गॅरेजवाल्याच्या साळ्याकडं असाच ट्रक हाये, मूर्तिजापुरात. धूर असा सोडे, का ठेसनावरून दिसे. आता पंधरा दिवस झाले, एकदम साफ चालून राहिला. म्या आपल्या डोयानं पायला."

गुरुवारी आम्ही मूर्तिजापूरला गेलो. मालधक्क्यावर साळ्याच्या ट्रकमधून कापसाच्या गाठी उतरत होत्या. त्याच्याही इंजिनवर जुनी पट्टी आणि नवी रिबिटं. पंचांसमोर चेंबर उतरवलं आणि मी पुन्हा आडवा झालो. रेडिएटरकडच्या टोपीवर सहा ठिपके. मग पाच. मग चार. मला पुढचे मोजायचीही गरज वाटली नाही, तरी मी मोजले, कारण पंचनाम्यात लिहायचे होते.

बाहेर आलो तर साळा एका गाठीवर मटकन बसलेला. विचारायच्या आधीच तो बोलू लागला. मिस्त्री गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, गॅरेज बंद ठेवून दोन्ही इंजिनं साखळीनं उचलली आणि अदलाबदल केली. पट्ट्या बदलल्या की काम फत्ते, असं मेहुण्यानं त्याला सांगितलं होतं. चेंबर काही कोणी खोललं नाही. पानवाल्याला काय बोलायचं ते पढवून ठेवलं होतं. संध्याकाळी गॅरेजवाल्याला अटक केली. त्या दिवशी त्यानं चहा विचारला नाही.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं ते शुक्रवारी सकाळी. पडताळणीचा कागद पुढे ओढला आणि लिहिलं: चारित्र्य उत्तम, सदर इसमाविरुद्ध काहीही नाही. मिस्त्रीला बोलावून वाचून दाखवलं.

"मले वाचू द्या, सायेब."

मी कागद दिला. त्यानं तो उभ्यानं दोनदा वाचला आणि जपून टेबलावर ठेवला. मग त्याच बाकावर तो बसला आणि हवालदाराला म्हणाला, "भाऊ, पाणी द्या जरासं."

एक गिलास प्याला. दुसरा प्याला. तिसरा पिताना पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होतं आणि तो हसत होता. ज्याला मी मुरलेला समजलो होतो, तो त्या दिवशी दोन तास घशाला कोरड पडून बसला होता. पोलिसाकडे पाणी मागायचीही त्याची हिंमत झाली नव्हती.

मी त्याला सांगितलं, माझं चुकलं. "तुमी खोलून तर पायलं," तो म्हणाला, आणि घरी सांगायचं म्हणून लगबगीनं निघून गेला.

पुढे बऱ्याच ठाण्यांवर बदल्या झाल्या. जिथं गेलो तिथं पहिल्याच दिवशी बाकाशेजारी पाण्याचा माठ ठेवून घेतला. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि मग काय ते विचारायचं. निवृत्त होईपर्यंत हा नियम मी मोडू दिला नाही.