किशनरावांचं शेवटचं पान

धर्माबादजवळच्या गावात मिरची पिकवणारे किशनराव सातवीपर्यंतच शिकले. पण ते गोष्ट सांगायला लागले की ऐकणाऱ्याच्या हातातली बिडी विझून जायची. गोदावरीवरच्या एका नावाड्याची गोष्ट ते दोन वर्षं वहीत लिहीत होते. शब्द पिकल्याशिवाय तोडायचे नाहीत. साठीत एकच इच्छा उरली होती, ती गोष्ट छापून यावी.

प्रकाशकाकडे पाठवायला सोमवार अखेरचा दिवस होता. शनिवारी बसस्टँडजवळच्या टायपिंगच्या दुकानात पूनम ती गोष्ट टाइप करत होती आणि किशनराव तिच्या पाठीशीच खुर्ची ओढून बसले होते.

“काका, मागं सरका की. तुमचा श्वास लागून राहिला मानेला.”

“दोन ओळींत एवढी जागा कशाला सोडलीस? मधी कुणी काही घुसडलं म्हंजे?”

“त्यांचा नियम हाय. अन् गोष्टीवर तुमचं नाव न्हाई टाकायचं. ते वेगळ्या कागदावर. वाचणाऱ्याला कळू नये कुणाची हाय ते. वशिला नको.”

किशनराव ताडकन उठले. “बिनखुणेचं वासरू बाजारात सोडू? उद्या कुणी बी म्हणंल, माझंच हाय!”

वहीचं शेवटचं पान त्यांनी फाडून खिशात घातलं. “शेवट पाहिजे तर त्यांनी मला बोलवावं.”

“अर्धी गोष्ट कुणी वाचत न्हाई काका. टाकून देतील.”

ते निघून गेले.

रविवारी त्यांनी ग्रामपंचायतीसमोर माणसं बसवली आणि नावाड्याची गोष्ट पहिल्यापासून शेवटापर्यंत सांगितली. मग शेतातल्या नुकसानीचा पंचनामा करावा तसा, फाडलेल्या त्या शेवटच्या पानाच्या पाठीवर मजकूर लिहिला : ‘ही गोष्ट किशनरावांची, आम्ही समक्ष ऐकली.’ खाली एकोणीस सह्या झाल्या. म्हाताऱ्या सरजाबाईनं अंगठा उमटवता उमटवता विचारलं, “खटला हाय का रे बाबा?”

“अजून न्हाई,” किशनराव म्हणाले.

सोमवारी किशनरावांनी ते पान दुकानात आणून दिलं आणि पूनमनं शेवट टाइप केला. पैलतीरावर नावाड्याची रिकामी नाव लागली, तिथं तिची बोटं थांबली. डोळे पुसून तिनं विचारलं, “मी बी सही करू, काका?”

“आधी पाठव.”

तिनं पाठवलं. पडद्यावर तसा निरोप आला. किशनरावांनी तो दोनदा वाचला, मग पान उलटं करून पेनासकट तिच्यापुढं सरकवलं.

“वेळ बी घाल,” ते म्हणाले. “किती वाजता माझ्या हातून गेली ती.”