खुणेच्या वर आलेलं तेल

कुंदन घाबरला की बोलत सुटतो. अकरावीपासून बघतोय. परीक्षेच्या हॉलबाहेर तो क्रिकेटवर बोलायचा. त्याला क्रिकेट आवडत नाही.

त्या रविवारी कोन गावाजवळ आम्ही एक्स्प्रेसवेवर चढलो, तेव्हापासून तो बोलत होता. टोलबद्दल, ट्रकवाल्यांबद्दल, पुढच्या बसच्या नंबरबद्दल. मी शेजारी होतो. मागे त्याची आई, रंभाकाकी. मांडीवर ओटीची पिशवी. स्टिअरिंगच्या पुढे, दोन काट्यांच्या मधे, एक पिवळा दिवा लागलेला होता. तो कुंदनला दिसत होता. मला दिसत होता. काकींना दिसत नव्हता.

"आये, एसी जास्त होतोय का?"

"मगापासून चार वेला विचारलंस."

"सांग ना."

"बरा हाय. तू रस्त्याला बघ."

काकींना कार्ल्याला एकवीरेच्या पायाशी न्यायचं आणि सुखरूप घरी आणायचं. कुंदनचं त्या दिवसाचं काम एवढंच होतं. मधे घाट होता.

कुंदन उरणकडचा कोळी. त्याचे वडील बळीराम यांची बोट होती. कुंदन बोटीवर राहिला नाही. तो बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवतो, आणि लग्न झाल्यापासून नवीन पनवेलला राहतो. सकाळी चौकातून कंपनीची बस त्याला उचलते. घरापासून चौक दीड किलोमीटर.

गेल्या वर्षी बळीरामकाकांनी बोट विकली आणि ही गाडी बुक केली. पांढरी, उंच, डिझेलवर चालणारी, सात माणसांची. घरात माणसं चार, काका, काकी, कुंदन आणि त्याची बायको कोमल. शोरूममध्ये पेढे वाटताना काका म्हणाले, "पयली लांबची फेरी कार्ल्याला. आयेला घेऊन. तवर गाडी लांब न्यायची नाय." सगळे हसले. गाडी यायच्या बारा दिवस आधी काका गेले. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत.

घरात माणूस गेलं की वर्षभर देवाला जायचं नाही. काकींनी ते पाळलं. आणि काकांचा शब्द कुंदननं पाळला. वर्षभर गाडी लांब गेली नाही. कोमलचं माहेर अलिबागच्या पुढे आहे. नवराबायको तिथं एसटीनं गेले. गाडी बिल्डिंगखाली उभी होती.

"सात सीटची गाडी ठेवून एसटीनं आलात," कोमलचा भाऊ म्हणाला.

"गाडी सुतकात हाय," कुंदन म्हणाला.

गाडी रोज चौकापर्यंत जायची. दीड किलोमीटर जाऊन उभी राहायची, संध्याकाळी दीड किलोमीटर परत. आणि चौकात बसची वाट बघताना कुंदन इंजिन बंद करायचा नाही. हे त्यानं बोटीवरून आणलेलं होतं. समुद्रात इंजिन बंद करत नाहीत. परत लागलं नाही तर माणूस कुठं जाणार? म्हणून चौकात अर्धा अर्धा तास गाडी जागेवर घुरघुरत उभी असायची. बस दिसली की बटण दाबायचं आणि पळायचं.

कंपनीनं पुस्तिकेत लिटरला सतरा किलोमीटर लिहिलं होतं. कुंदन बसमध्ये पंधरा सांगायचा. एकदा त्यानं टाकी काठोकाठ भरून, किलोमीटर तळहातावर लिहून हिशेब केला. साडेसात आले. मला फोन करून त्यानं परत भागाकार करायला लावला. साडेसातच आले.

"तुझं मराठीत एमए झालंय, मास्तर," तो म्हणाला. "तुझा भागाकार चुकत असेल."

दिवा लागला तो पावसाळ्याच्या आधी. कुंदन शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला गेला. तिथल्या हेतल नावाच्या मुलीनं त्याला सरळ भाषेत समजावलं. सायलेन्सरच्या नळीत एक जाळी असते. ती काजळी धरते. गाडी अर्धा तास वेगानं पळाली की काजळी जळून जाते. नाही पळाली तर जाळी भरत जाते.

"सर, एक्स्प्रेसवेवर एक चक्कर मारा. लोणावळ्यापर्यंत जा आणि या. दिवा जाईल. पैसेही लागणार नाहीत."

कुंदन हो म्हणाला आणि घरी आला. एक्स्प्रेसवे म्हणजे लांबची फेरी. घाट चढून लोणावळ्यापर्यंत जायचं आणि कार्ला समोर असताना मागे वळायचं, काकांचा शब्द मोडून, आईला घरी ठेवून. त्याला ते जमलं नसतं. मी म्हटलं, "अरे, देवीला कळेल ना."

"देवीला कळंल," तो म्हणाला. "बाबांना कोण सांगंल?"

दिवा कधी जायचा, कधी परत यायचा.

वर्षाची सर्व्हिसिंग आली तेव्हा मी त्याच्यासोबत होतो. हे लिहिणं मला जड जातं. हेतलनं कागद पुढे ठेवला. एकतीस हजारांचा अंदाज. गाडी चार हजार किलोमीटरसुद्धा चालली नव्हती. कागदावर एसीचा वास घालवायचे पैसे होते, तळाला लेप द्यायचे होते, रंगाला चकाकी आणायचे होते. एका ओळीत लिहिलं होतं, केबिन वेलनेस ट्रीटमेंट. ती ओळ मी मोठ्यानं वाचली. कुंदन हसला. शेजारच्या सोफ्यावरची दोन माणसंही हसली. मग कुंदननं टेबलावरचं पेन घेतलं आणि एकेक ओळ कापायला लागला.

"बरोबर आहे सर, हे सगळं कापा," हेतल हळू आवाजात म्हणाली. मागे तिचा साहेब उभा होता. "ही एक ओळ नका कापू. ऑइल बदलायलाच लागेल. लेव्हल खुणेच्या वर आलीये."

"वर आलीय ना. खाली तर नाय गेली?"

"सर, ते वाढलेलं ऑइल नाहीये. डिझेल आहे. जाळी साफ करायला गाडी जास्तीचं डिझेल मारते. तुम्ही मधेच बंद करता, मग ते खाली ऑइलमध्ये उतरतं. फार वाढलं तर इंजिन तेच प्यायला लागतं."

कुंदननं तेलाची पट्टी मागवून घेतली. स्वतः पुसली, स्वतः बुडवली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं. ते मी बघितलं.

"मॅडम, आमच्या बाबांच्या बोटीला रोज तेल टाकायला लागायचं. बोट तेल खायची. तेल वर असलं की बाबा बोलायचे, इंजिन सुखात हाय. हिचं तर आपोआप वाढतंय आणि तुमी बोलता बदला."

त्यानं ती ओळही कापली. पहिल्या सर्व्हिसिंगला त्याला न सांगता लेप लावून अकरा हजार घेतले होते. त्यामुळे खरी ओळ आणि खोटी ओळ त्याला सारखीच दिसत होती. मलाही सारखीच दिसत होती. नुसती हवा भरून आम्ही बाहेर पडलो आणि उसाचा रस प्यायलो.

त्या दिवशी घाटात मला हेतलचं ते वाक्य आठवत होतं. इंजिन तेच प्यायला लागतं. कुंदनलाही आठवत असणार. कारण खालापूरचा टोलनाका मागे पडला आणि तो बोलायचा थांबला. तो कधीच थांबत नाही.

"परत फिरू या का?" मी हळूच विचारलं.

"कुठून फिरणार? मधे भिंत हाय." मग तो म्हणाला, "अर्धा तास पळाली की दिवा जाणार हाय. तीच बोलली होती. पळतेय ना आता."

"काय कुजबुजताय रं?" काकी मागून म्हणाल्या.

"मास्तर बोलतोय मूत लागलीय."

"बालासाठी थांबव की मग."

"घाटात थांबता येत नाय, आये."

चढ सुरू झाला. डावीकडे कंटेनर रांगेनं रांगत होते. कुंदननं तिसरा गिअर टाकला. दुसऱ्या बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा मागच्या गाडीनं सारखा हॉर्न द्यायला सुरुवात केली. मी आरशात बघितलं. मागची गाडी दिसत नव्हती. पांढरा धूर दिसत होता. तो आमचा होता.

इंजिनचा आवाज चढला. मला वाटलं कुंदननं पाय दाबला. मी खाली बघितलं. त्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नव्हता.

गाडी चढावर आपण होऊन वेग घेत होती. पुढे टँकर होता.

कुंदननं क्लच दाबला. इंजिन किंचाळलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. त्यानं बंद करायचं बटण दाबलं. परत दाबलं. दाबून धरलं. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे गेले. एसी गेला. तो पिवळा दिवाही गेला. इंजिन गेलं नाही.

"कुंदन," काकी म्हणाल्या.

 स्टिअरिंग जड झालं होतं. दोन्ही हातांनी ओढून त्यानं गाडी डावीकडे घेतली. दोन कंटेनरच्या मधल्या फटीतून आम्ही कसे गेलो ते मला आठवत नाही. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा गाडी कठड्याजवळ उभी होती आणि इंजिन अजून किंचाळत होतं. पायाखालची पत्र्याची जमीन थरथरत होती. जळक्या रबराचा वास आला.

"उतरा," मी काकींना म्हणालो. माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

कुंदन काहीतरी पुटपुटत होता. बंदरात एका जुन्या ट्रेलरचं इंजिन असंच सुटलं होतं आणि वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून ते कोंडलं होतं, ते त्यानं बघितलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यानं गिअर पाचव्यावर नेला. उजवा पाय ब्रेकवर ठेवून तो सीटवरून जवळजवळ उभा राहिला. आणि क्लच सोडला.

गाडीला हिसका बसला. कपाळ समोर आपटेल असं वाटलं. इंजिननं दोन आचके दिले. आणि गप्प झालं.

मग बाजूनं जाणाऱ्या ट्रकांचा आवाज यायला लागला. बोनेटच्या फटींतून धूर येत होता.

मी हँडब्रेक ओढला. डावीकडचं दार उघडून काकींना उतरवलं, हाताला धरून कठड्यापलीकडे नेलं.  पिशवी त्यांनी सोडली नव्हती. कडेला पडलेले दोन दगड मी मागच्या चाकांना लावले. परत येऊन बघतो तर कुंदन आतच.

"उतर. धूर वाढतोय."

"पाय उचलला तर गाडी मागं जाईल."

"हँडब्रेक लावलाय. दगड लावलेत. आणि गाडी गिअरमध्ये आहे."

"मना माहीत हाय."

"मग उतर."

"उचलत नाय रे," तो म्हणाला.

त्याचा उजवा पाय ब्रेकवर खिळला होता. गुडघ्यापासून खाली लाकूड. मी त्याची बाही धरून ओढली. तो हलला नाही. त्याच्या दाराच्या बाजूनं ट्रक जात होते, एकेक ट्रक गेला की गाडी डोलत होती. बोनेटखाली काहीतरी तडतडत होतं. पेट घेईल का, हे मला कळत नव्हतं. कुणाला विचारायचं हेही कळत नव्हतं.

मला बाजूला सारून कुणीतरी आत शिरलं. काकी. कठडा ओलांडून परत आल्या होत्या. साडीचा काष्टा त्यांनी आवळून खोचला होता. माझ्या सीटवर गुडघा टेकून त्या कुंदनच्या मांडीवर ओणव्या झाल्या.

"आये, तू भायेर जा."

"पाय दे."

"तेल जास्त झालं होतं. मना सांगितलं होतं त्यांनी. मी ऐकलं नाय. तुला घेऊन आलो तरी."

"आदी पाय दे."

"दिवा पावसाच्या आदीपासून लागत होता, आये. मी तुला बोललो नाय."

"मी आंधली नाय," काकी म्हणाल्या. "तू सकाळी गाडी काढलीस की काचेतून दिवा मना गॅलरीतून दिसायचा. मना वाटलं, चांगला असंल."

 काकींनी खाली वाकून दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला. जाळ्यात अडकलेलं काही सोडवावं तसा आधी टाचेकडून सैल केला. मग उचलला.

गाडी हलली नाही. पाय त्यांच्या हातात थडथड उडत होता.

तो त्यांनी माझ्या सीटच्या बाजूला आणून ठेवला. वरून दाबून धरला. जरा वेळानं म्हणाल्या, "आता दुसरा."