बाबांनी बांधलेला माईक

"ऐकून घे बाय पोटभर... तुझा तरी बोलतोय." हिराकाकी माझ्या आईला हे म्हणाली, त्याला चाळीसेक वर्षं झाली. अर्नाळ्यात, मच्छिमार सोसायटीच्या एका खोलीच्या ऑफिसात.

तेव्हा गावातल्या मोजक्याच बोटींवर वायरलेस होता. त्यातला एक बाबांच्या बोटीवर. सगळ्यांचं चॅनल एकच, म्हणून नियम कडक... आधी बोटीचं नाव, मग थोडक्यात काम, शेवटी 'ओव्हर'. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं, आणि एक जण बोलत असला की बाकीच्यांनी थांबायचं.

त्या दुपारी अचानक वादळी वारा सुटला आणि सगळ्या बायका ऑफिसात धावल्या. मी सात-आठ वर्षांची, आईला चिकटून उभी. ऑफिसातल्या वायरलेस सेटमधून इंजिनाची घरघर येत होती आणि मध्येच बाबांचा आवाज... "अरे धर ना दोर! सकाली जेवला न्हाय काय?"

आई रडता रडता हसली. बाकीच्याही हसल्या.

मग हसू थांबलं. बाबा आमच्याशी बोलतच नव्हते... त्यांच्या माईकचं बटण दाबलेलं राहिलं होतं. त्यामुळे दुसऱ्या कुठल्याच बोटीचा आवाज किनाऱ्याला पोचत नव्हता. ऑपरेटर "बटण सोडा, बटण सोडा" म्हणून ओरडत होता, पण बटण सुटल्याशिवाय बाबांना ते ऐकू येणारच नव्हतं.

"सांग गो तुझ्या दादल्याला, तोंड बंद कर!" मागून कुणीतरी आईवर खेकसलं. तेव्हा हिराकाकी ते वाक्य बोलली. रागाने नाही... अगदी हळू. तिचा नवरा वायरलेस असलेल्या दुसऱ्या बोटीवर होता.

बऱ्याच वेळाने घरघर तुटली. एकेका बोटीचं नाव येऊ लागलं... काकीच्या नवऱ्याच्या बोटीचं आलं नाही. ती बोट परतलीच नाही. बटण दाबलेलं असताना त्या बोटीने हाक दिली होती का, हे कुणालाच कधी कळलं नाही.

समुद्र खवळला की बोटीतली प्रत्येक वस्तू बांधून टाकायची, ही आमच्याकडची सवय. बाबांनी माईकही सुतळीने खांबाला आवळला होता... गाठ नेमकी बटणावर.

त्यांना कुणी जाब विचारला नाही. काकीनेही नाही. ती फक्त आमच्या दारात पुन्हा आली नाही, आणि तिच्या दारात जायची बाबांची हिंमत झाली नाही. आई जाईपर्यंत म्हणायची, त्या दुपारी यांचा आवाज ऐकून मला जो आनंद झाला ना, तोच मला सोसत नाही...

बाबा आता अंथरुणाला खिळलेत. परवा इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझं नाव घेतलं, काकी. तुझी सून माझं लिहिलेलं वाचते, ती तुला हे वाचून दाखवेल.

एकदा घरी ये. माफ कर असं म्हणत नाही... काही बोलू नकोस, चहासुद्धा घेऊ नकोस हवं तर. तू नाहीच म्हणशील, मला ठाऊक आहे... तरी ये.